ताटातले लाल मांस आणि तापणारी पृथ्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात याच सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते की, ज्यांना आपल्या आहाराचा पर्यावरणावरील भार कमी करायचा असेल त्यांनी इतर कशाहीआधी लाल मांसाचे प्रमाण कमी करावे. त्या एका वाक्यावर आलेली बहुतेक पत्रे विचारपूर्वक लिहिलेली आहेत, काहींनी कडक आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांतील काही आक्षेप मला रास्त वाटतात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. लाल मांस म्हणजे गाय, बैल, म्हैस, मेंढी, शेळी आणि डुक्कर यांचे मांस, असा रूढ अर्थ पुढे घेतला आहे.

प्रश्न : लाल मांसालाच वेगळे काढून दोष का द्यायचा? भातशेतीतूनही मिथेन बाहेर पडतो, खतांमुळेही हवा बिघडते. कोणतेही अन्न पिकवले तरी निसर्गावर भार पडतोच.

उत्तर : भार पडतोच, हे आपले म्हणणे खरे आहे. पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो, नत्रयुक्त खतांमुळे नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि पूर्णपणे निर्दोष असे अन्न कोणतेच नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण इतके वेगळे का, हे कळण्यासाठी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात काय घडते ते पाहावे लागते.

गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी यांचे पोट चार कप्प्यांचे असते. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तेथे असंख्य सूक्ष्मजीव गवतातील तंतुमय भाग आंबवतात, आणि म्हणूनच माणसाला कधीही पचणार नाही असे गवत या जनावरांच्या अंगी लागते. ही निसर्गातील विलक्षण व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र आंबवण्याच्या या क्रियेत हायड्रोजन तयार होतो, आणि कोटीपोटातील काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन बनवतात. जनावर हा वायू मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर टाकते. एका मोठ्या गाईकडून वर्षाला साधारण 70 ते 120 किलो मिथेन अशा रीतीने हवेत जातो. 100 वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो असा मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट उष्णता अडवतो, आणि फक्त पहिल्या 20 वर्षांचा हिशेब धरला तर सुमारे 80 पट.

दुसरे कारण चाऱ्याचे आहे. मोठे जनावर सावकाश वाढते, त्याची वासरेही कमी होतात, आणि त्याने खाल्लेल्या अन्नातील फार मोठा भाग त्याच्या शरीराचे तापमान, हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांतच खर्च होतो. जे थोडे मांसाच्या रूपाने उरते त्यासाठी मोठे कुरण लागते किंवा शेतात पिकवलेले पशुखाद्य लागते, आणि त्या शेतासाठी खते, इंधन व जमीन लागते. जमिनीची ही मागणी जेथे जंगलापर्यंत पोहोचते तेथे नुकसान कित्येक पटींनी वाढते. ब्राझीलमधील अमेझॉनच्या खोऱ्यात तोडलेल्या जंगलाचा सर्वांत मोठा भाग आज गुरांच्या कुरणांखाली आहे.

या सगळ्याची बेरीज करण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न 2018 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडमधील थॉमस नेमेचेक यांनी केला. त्यांनी 119 देशांतील सुमारे 38,700 शेतांची माहिती एकत्र केली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मांसासाठीच पाळलेल्या गुरांपासून 100 ग्रॅम प्रथिने मिळवताना सरासरी 50 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवणारे वायू बाहेर पडतात. मेंढीच्या मांसासाठी हा आकडा 20, दुभत्या कळपातील गुरांच्या मांसासाठी 17, डुकराच्या मांसासाठी 7.6, कोंबडीसाठी 5.7, अंड्यांसाठी 4.2, सोयाबीनच्या टोफूसाठी 2 आणि वाटाण्यासाठी सुमारे 0.4 आहे. दुभत्या कळपाचा आकडा कमी दिसतो याचे कारण एवढेच की, त्या जनावराच्या आयुष्यभराच्या भारातील मोठा भाग दुधाच्या खाती जातो. भातशेतीचा मिथेन खरा असला तरी तो या वरच्या टोकाच्या जवळपासही जात नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते, जी मी मागच्या अंकात पुरेशी स्पष्ट केली नव्हती. डुकराचे मांस लाल मांसात मोडते, पण डुक्कर रवंथ करत नाही, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने ते गुरांपेक्षा कोंबडीच्या अधिक जवळचे आहे. पर्यावरणापुरते बोलायचे तर खरी रेषा लाल आणि पांढऱ्या मांसामध्ये नसून रवंथ करणाऱ्या आणि न करणाऱ्या प्राण्यांमध्ये आहे.

प्रश्न : गाय जे गवत खाते त्याने हवेतूनच कार्बन घेतलेला असतो. तोच कार्बन पुन्हा हवेत गेला तर नवीन भर कोठे पडली? खनिज तेल जमिनीखालून वर येते, गाईचा मिथेन तसा येत नाही. मग दोघांना एकाच तराजूत का तोलायचे?

उत्तर : आलेल्या पत्रांतील हा सर्वांत चांगला आक्षेप आहे, आणि त्याला झटपट उत्तर देणे अन्यायाचे होईल.

आपण म्हणता ते चक्र खरे आहे. गवत कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, गाय त्यातील काही भाग मिथेनच्या रूपाने सोडते, आणि सुमारे बारा वर्षांच्या काळात तो मिथेन हवेत विघटित होऊन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बनच्या अणूंची मोजदाद केली तर भर पडत नाही. पण पृथ्वी अणूंच्या मोजदादीने तापत नाही, ते अणू कोणत्या रूपात आहेत यावर तापते. कार्बन डायऑक्साइड म्हणून आत गेलेला कार्बन मिथेन म्हणून बाहेर आला की, पुढची बारा वर्षे तो कितीतरी अधिक उष्णता अडवून धरतो. उसने घेतलेले परत दिले हे खरे, पण मधल्या काळातील व्याज फार जबर आहे.

जर जगातील गुरांची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच राहिली असती तर दरवर्षी जितका मिथेन नव्याने आला तितकाच जुना विघटित झाला असता, आणि त्यांच्यामुळे होणारी तापमानवाढ एका पातळीवर थांबली असती. शास्त्रज्ञ हे मान्य करतात. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. 1961 मध्ये जगात सुमारे 94 कोटी गुरे होती. आज ती 150 कोटींच्या पुढे आहेत. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत हवेतील मिथेनचे प्रमाण अडीच पटींहून अधिक झाले आहे. त्या वाढीत तेल, वायू, कोळसा आणि कुजणारा कचरा यांचाही मोठा हात आहे हे येथेच नोंदवतो, कारण सगळा दोष जनावरांवर टाकणे खोटेपणाचे होईल. शिवाय पशुखाद्याच्या खतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड, ट्रॅक्टरचे इंधन आणि तोडलेल्या जंगलातील कार्बन हे आपण सांगितलेल्या चक्रात बसत नाहीत. ती निखळ भर आहे.

आपल्या आक्षेपातूनच एक आशादायक निष्कर्ष निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो, म्हणून तो सोडणे आज थांबवले तरी आतापर्यंत झालेली तापमानवाढ तशीच राहते. मिथेन मात्र लवकर नाहीसा होतो, त्यामुळे तो सोडणे कमी केले तर त्याचा परिणाम आपल्या हयातीत, दहा-वीस वर्षांत दिसू शकतो. 2021 मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत शंभरांहून अधिक देशांनी 2030 पर्यंत जगातील मिथेन 2020 च्या तुलनेत किमान 30 टक्क्यांनी कमी करण्याच्या सामूहिक प्रतिज्ञेला संमती दिली, त्यामागे हेच कारण आहे.

प्रश्न : माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंत पशुपालनाचा वाटा कोणी 18 टक्के सांगतो, कोणी 14.5, तर कोणी 12. सगळ्या मोटारी, विमाने आणि जहाजे यांच्यापेक्षा गुरे अधिक प्रदूषण करतात असेही वाचले. नेमके काय खरे मानायचे?

उत्तर : तिन्ही आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आहेत. 2006 च्या अहवालात 18 टक्के होते, 2013 मध्ये सुधारित पद्धतीने 14.5 टक्के आले, आणि 2023 च्या अहवालात 2015 या वर्षासाठी सुमारे 12 टक्के, म्हणजे वर्षाला 6.2 अब्ज टन, असा अंदाज दिला. पद्धत, आधारभूत वर्ष आणि जंगलतोडीचा हिशेब बदलला की आकडा बदलतो. लपवाछपवीचा संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. यांतील 60 टक्क्यांहून अधिक भाग एकट्या गुरांचा आहे, ही गोष्ट मात्र हिशेब बदलला तरी टिकून राहिली आहे.

मोटारींशी केलेली ती तुलना सोडून द्यावी, असे मी सुचवेन. 2006 मध्ये जनावरांच्या बाबतीत चाऱ्याच्या शेतापासून सगळे धरले होते, तर वाहनांच्या बाबतीत फक्त धुराड्यातून निघणारा धूर. अशी तुलना समतोल नाही, आणि तिचा आधार घेतल्याने एका खऱ्या मुद्द्यावरचा विश्वास विनाकारण डळमळीत होतो.

प्रश्न : एक किलो गोवंशीय मांसासाठी 15,000 लिटर पाणी लागते, हे खरे आहे का?

उत्तर : आकडा खरा आहे, पण तो अर्धवट सांगितला जातो. नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाच्या संशोधकांनी जागतिक सरासरी सुमारे 15,400 लिटर काढली. त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक पाणी म्हणजे कुरणांवर आणि चाऱ्याच्या शेतांवर पडलेला पाऊस आहे, जो जनावर नसते तरी तेथे पडलाच असता. नदी, तलाव आणि विहिरींतून घेतलेले पाणी किलोमागे सुमारे 550 लिटर भरते. त्यामुळे पाण्याच्या मुद्द्यावर मी एवढा जोर देणार नाही. तरीही त्याच संशोधनाप्रमाणे एक ग्रॅम प्रथिनासाठी गोवंशीय मांसाला 112 लिटर आणि कडधान्यांना 19 लिटर पाणी लागते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : बंदिस्त गोठ्यातील, धान्यावर वाढवलेल्या जनावरांचे मांस वाईट, हे मान्य. पण मोकळ्या कुरणात चरणारी जनावरे जमिनीत कार्बन साठवण्यास मदत करतात, असे म्हणतात. मग फक्त तेच मांस खाल्ले तर?

उत्तर : प्राण्याच्या जगण्याच्या दृष्टीने मोकळे कुरण निश्चितच चांगले आहे, आणि आपण त्या कारणासाठी ते निवडत असाल तर मी त्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाही. हवामानाचा हिशेब मात्र वेगळा येतो. योग्य रीतीने चराई केल्यास गवताची मुळे खोलवर जातात आणि मातीत काही कार्बन साठतो. पण माती म्हणजे अथांग कोठार नव्हे. काही दशकांत ती नव्या समतोलाला पोहोचते आणि साठवण थांबते, तर मिथेन दरवर्षी निघतच राहतो. 2017 मध्ये ऑक्सफर्डमधील एका संशोधन गटाने या प्रश्नावरील पुराव्यांची छाननी केली, तेव्हा अनुकूल गृहीतके धरूनही असा साठा चराईच्या जनावरांनी सोडलेल्या वायूंच्या 20 ते 60 टक्केच भरपाई करू शकतो, असे आढळले. शिवाय गवतावर वाढणारे जनावर सावकाश वाढते, म्हणजे अधिक काळ जगते आणि अधिक काळ मिथेन सोडते, आणि त्याला जमीनही अधिक लागते. आज जगात जेवढे मांस खाल्ले जाते तेवढे सगळे कुरणांवर तयार करायचे ठरवले तर जमीन पुरणार नाही. म्हणून कुरणावरचेच खायचे असेल तर ते थोडे खावे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

पूर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासात उत्पादकांमधील फरकही पाहिले होते. चांगल्या आणि वाईट पद्धतींत फार मोठी तफावत आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या कौशल्याला निश्चित किंमत आहे. तरीही सर्वांत कमी भार टाकणारे गोवंशीय मांससुद्धा वाटाण्यासारख्या वनस्पतिज प्रथिनांच्या तुलनेत सहा पट हरितगृह वायू सोडते आणि 36 पट जमीन घेते, असे त्यांना आढळले.

प्रश्न : मांस पूर्ण सोडणे मला शक्य नाही आणि घरातील कोणालाही पटणार नाही. थोडे कमी करून काही उपयोग आहे का? आणि माझ्या एकटीच्या कमी खाण्याने कोणती गाय कमी होणार?

उत्तर : उपयोग आहे, आणि माझ्या मते या सबंध विषयातील मुख्य मुद्दाच हा आहे. पुष्कळ आणि थोडे यांत जेवढा फरक आहे तेवढा थोडे आणि अजिबात नाही यांत नाही. आठवड्यात पाच वेळा गुरांचे किंवा मेंढीचे मांस खाणारी व्यक्ती एका वेळेवर आली तर त्या मांसामुळे पडणाऱ्या भारातील चार पंचमांश भाग गेला. उरलेला एक पंचमांश सोडता आला नाही म्हणून आधीचे चारही सोडायचे नाहीत, असा विचार पुष्कळ जण करतात, आणि त्यामुळे सहज साधण्यासारखी गोष्टही हातची जाते. मी स्वतः अनेक वर्षे असाच अडून बसलो होतो.

किती कमी करावे, याला एकच एक उत्तर नाही, पण दोन मापे उपयोगी पडतात. 2019 मध्ये ईट-लॅन्सेट आयोगाने माणसाचे आरोग्य आणि पृथ्वीची सहनशक्ती या दोन्हींचा विचार करून लाल मांसाचे प्रमाण दिवसाला सरासरी 14 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला सुमारे 100 ग्रॅम सुचवले. जागतिक संसाधन संस्थेच्या अभ्यासाने, जेथे खप जास्त आहे तेथे 2050 पर्यंत रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे मांस माणशी दिवसाला 52 कॅलरींपर्यंत आणावे, असे म्हटले. ते प्रमाण आठवड्याला साधारण दीड बर्गरइतके होते. जी व्यक्ती आधीच याहून कमी खाते तिने स्वतःला अपराधी मानण्याचे काही कारण नाही. तिने आपले लक्ष दुसरीकडे, अन्नाच्या नासाडीकडे किंवा प्रवासाकडे वळवावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एका व्यक्तीच्या ताटामुळे एखादे विशिष्ट जनावर वाचत नाही, हे खरे आहे. मांसाची मागणी लाखो ताटांची बेरीज असते, आणि तिच्यात आपला वाटा त्या बेरजेइतकाच लहान पण खरा असतो. मात्र मला व्यक्तीपेक्षा जेथे एकाच वेळी शेकडो माणसांचे जेवण ठरते त्या जागा अधिक महत्त्वाच्या वाटतात : वसतिगृहे, कार्यालयांची उपाहारगृहे, रुग्णालये, समारंभ. केंब्रिज विद्यापीठाने 2016 मध्ये आपल्या उपाहारगृहांतून गुरांचे आणि मेंढीचे मांस काढून टाकले, इतर मांस तसेच ठेवले आणि वनस्पतिज पदार्थांची संख्या व चव वाढवली. त्यानंतर तेथे अन्नाच्या प्रत्येक किलोमागील कार्बनचा भार 33 टक्क्यांनी घटला. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या एका अभ्यासात, चार पदार्थांपैकी एकाऐवजी दोन पदार्थ शाकाहारी ठेवले तेव्हा शाकाहारी जेवणाची विक्री 41 ते 79 टक्क्यांनी वाढली. तेथे कोणालाही उपदेश केला नव्हता, आणि बहुतेक माणसे समोर जे चांगले दिसते ते खातात. आपल्या घरातही हाच मार्ग मी सुचवेन. मांस बंद केल्याची घोषणा करू नये. मांसाचा तुकडा थोडा लहान करावा, त्याच भांड्यात कडधान्ये किंवा भाज्या वाढवाव्यात, आणि मांसाविना केलेला एखादा पदार्थ इतका मन लावून करावा की तो पुन्हा मागितला जाईल.

प्रश्न : लाल मांसाऐवजी चीज आणि कोंबडी खाल्ली तर चालेल का?

उत्तर : चीजच्या बाबतीत फसगत होऊ देऊ नये. एक किलो चीज करण्यासाठी सुमारे दहा लिटर दूध आटते, आणि ते दूध रवंथ करणाऱ्या जनावराचेच असते. वर दिलेल्या अभ्यासात चीजमधील 100 ग्रॅम प्रथिनांमागे सुमारे 11 किलो वायू धरले आहेत, म्हणजे डुकराच्या मांसापेक्षाही अधिक.

कोंबडीने हवामानाचा भार खरोखर पुष्कळ कमी होतो. पण येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका मोठ्या गुरापासून जेवढे मांस मिळते तेवढ्यासाठी शंभराहून अधिक कोंबड्या माराव्या लागतात, आणि आजच्या बंदिस्त पोल्ट्रीत त्या ज्या दाटीत वाढतात ते पाहिल्यावर हा बदल नुसता आकड्यांचा राहत नाही. मी स्वतः कोंबडीकडे पूर्ण उपाय म्हणून पाहत नाही. मांसाच्या जागी जेथे शक्य तेथे डाळी, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे आणि अंडी आणावीत, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिच्या रक्तात लोह कमी आहे. पर्यावरणासाठी तिने लाल मांस सोडण्याचा हट्ट धरला आहे. आई म्हणून मला काळजी वाटते.

उत्तर : आपली काळजी योग्य आहे आणि आपल्या मुलीची तळमळही. जगात 15 ते 49 वयोगटातील सुमारे 30 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ मानता येणार नाही. मांसातील लोह शरीरात अधिक सहजतेने शोषले जाते. कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या आणि तीळ यांतील लोह कमी शोषले जाते, पण त्याच जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो यांसारखे क जीवनसत्त्व देणारे काही असेल तर शोषण लक्षणीय वाढते, आणि जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेतल्यास घटते. कडधान्ये भिजवून मोड आणल्यानेही फरक पडतो. ब-12 जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ती दूध, अंडी किंवा मासे खात असेल तर अडचण सहसा येत नाही. सगळेच प्राणिज पदार्थ सोडणार असेल तर ब-12 ची गोळी आवश्यक आहे.

माझा सल्ला असा की, आधी डॉक्टरांकडून लोहाची कमतरता भरून काढावी, त्यासाठी लागेल ते औषध घ्यावे, आणि आहारातील बदल तपासणीचे अहवाल पाहत पाहत टप्प्याटप्प्याने करावा. लाल मांस कमी करण्याचे जे आवाहन आहे ते गरजेहून पुष्कळ अधिक खाणाऱ्यांसाठी आहे. रक्तक्षय असलेल्या मुलीने त्याचा भार स्वतःच्या शरीरावर घ्यावा, अशी अपेक्षा त्यात नाही, आणि हे तिला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे.

प्रश्न : दूरवरून आलेल्या डाळीपेक्षा जवळच्या शेतातील मांस पर्यावरणाला बरे नव्हे का?

उत्तर : नाही. अन्न शेतापासून ताटापर्यंत येईतो निघणाऱ्या एकूण वायूंत वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्के आहे, आणि गोवंशीय मांसात तर तो एका टक्क्याहूनही कमी भरतो, कारण बाकीचा भार अवाढव्य आहे. जहाजाने आलेली डाळ हजारो किलोमीटरांचा प्रवास करूनही हलकी ठरते. विमानाने येणारी नाशवंत फळे आणि भाज्या हा अपवाद आहे.

प्रश्न : मिथेन कमी करणारी औषधे आता चाऱ्यात मिसळता येतात, असे ऐकले. मग आहार बदलण्याची गरजच काय?

उत्तर : अशी द्रव्ये आली आहेत. त्यांतील एकाला युरोपीय संघात 2022 मध्ये आणि अमेरिकेत 2024 मध्ये दुभत्या गाईंसाठी परवानगी मिळाली, आणि गाईंच्या पोटातील मिथेन त्याने सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. समुद्री शेवाळाच्या एका जातीवरही काम चालू आहे. हे प्रयत्न मोलाचे आहेत आणि त्यांना पाठबळ मिळायला हवे. पण असे द्रव्य रोजच्या रोज चाऱ्यातून द्यावे लागते, त्यामुळे मोकळ्या कुरणात महिनोन्महिने चरणाऱ्या जनावरांपर्यंत ते पोहोचवणे कठीण आहे, आणि जमीन, जंगल व खते यांचा भार त्याने कमी होत नाही.

प्रश्न : आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखल्या जातात. शहरात बसून मोटारीने फिरणारे लोक आम्हाला पृथ्वी बिघडवणारे म्हणणार का?

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण या विषयावर लिहिणाऱ्यांकडून, माझ्याकडूनही, ही चूक होते. जगातील कितीतरी जमीन अशी आहे की तेथे पाऊस अपुरा, माती उथळ आणि उतार तीव्र. मंगोलियाचा गवताळ प्रदेश किंवा आफ्रिकेतील साहेल पट्टा येथे नांगर चालत नाही; तेथे गवताचे अन्नात रूपांतर करण्याचा मार्ग म्हणजे जनावरच. अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांच्या एका अभ्यासाप्रमाणे जगातील जनावरे जे खातात त्यांतील 86 टक्के भाग माणसाला खाता येत नाही. जेथे जनावर म्हणजेच बचत, खत, लोकर, वाहतूक आणि मुलांचे दूध आहे, तेथे त्याच्या मांसाची तुलना दरवर्षी माणशी शंभर किलोंहून अधिक मांस खाणाऱ्या देशांतील खपाशी करणे अन्यायाचे आहे.

मेंढी मिथेन सोडते, हे मी नाकारणार नाही. पण भार कोठे कमी करायचा हे ठरवताना ज्यांच्यापुढे दहा पर्याय आहेत त्यांनी आधी बदलावे आणि ज्यांच्यापुढे एकच आहे त्यांना सर्वांत शेवटी विचारावे, असे मला ठामपणे वाटते. मागणी घटल्यावर आपल्यासारख्यांचे उत्पन्न बुडणार असेल तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारीही समाजाची आहे. डेन्मार्कमध्ये 2024 मध्ये पशुधनाच्या वायूंवर 2030 पासून कर लावण्याचे ठरले, ते सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गसंरक्षकांनी एकत्र बसून केलेल्या करारातून, आणि जमा होणारा पैसा शेतीच्या बदलासाठीच परत देण्याचे त्यात मान्य झाले. त्या करारावर टीकाही झाली आहे. तरी ज्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे त्यांना चर्चेत बरोबरीने बसवावे, ही त्यामागील रीत मला योग्य वाटते.

प्रश्न : लाल मांस कमी करायचे ठरवले आहे, पण फ्रीजरमध्ये आधी आणलेले बरेच पडून आहे. ते टाकून द्यावे का?

उत्तर : टाकून देऊ नये. त्या मांसासाठी लागलेली जमीन, चारा आणि पाणी आधीच खर्च झाले आहे आणि मिथेनही हवेत गेला आहे. ते कचऱ्यात टाकले तर कुजताना आणखी मिथेन निघेल. मांस सुरक्षित असेल तर लहान वाटे करून, प्रत्येक वेळी थोडे, कडधान्यांबरोबर शिजवून संपवावे, आणि पुढच्या खरेदीच्या यादीपासून बदल सुरू करावा.